दुसरं बिस्कीट

"दार!"

हेसलशी मी बोललेला पहिला शब्द हा. ना नमस्कार, ना चमत्कार… नुसतं "दार!" आणि तेही किंचाळून.

त्याला बिचाऱ्याला काय माहीत! बाहेर झिमझिम पाऊस, तळ्यावरून येणारा बोचरा वारा आणि समोर एक हिरवं दार. माणूस ते उघडणारच. पण आमच्या मांजरांच्या वसतिगृहाला दारं दोन आहेत, एकामागे एक. मधे दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा नियम. कुणी निसटलंच तर ते मधल्या जागेत अडकतं, तळ्याकडे पळत नाही. त्या सकाळी मी आतलं दार अर्धवट उघडून हातात रिकाम्या ताटल्या घेऊन बाहेर येत होते. पाय मोकळे करायला पडवीत सोडलेला एक लठ्ठ बोका माझ्या पायाशी दबा धरून बसला होता. आणि हा माणूस बाहेरचं दार सताड उघडून उभा!

मी ताटल्या छातीशी धरल्या, पायानं बोक्याला मागे ढकललं, पाठीनं आतलं दार लावलं. त्यानंही घाबरून बाहेरचं दार ओढून घेतलं. आणि मग आम्ही दोघं त्या एवढ्याशा जागेत समोरासमोर अडकलो. त्याचे केस भिजून कपाळाला चिकटले होते. अंगाला तागाच्या कापडाचा आणि डांबराचा वास येत होता. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत बंद, आणि पोटापाशी ते जाकीट हलत होतं.

"जागा आहे का? एकापुरती," त्यानं विचारलं.

तेवढ्यात जाकीट शिंकलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे पाहायला लागला.

"मीच शिंकलो," तो म्हणाला. "सर्दी झालीय."

जाकीट पुन्हा शिंकलं. या वेळी दोनदा.

"तुमची सर्दी म्याँव पण करते का हो?" मी विचारलं.

त्याचा चेहरा असा काही पडला की मला हसूच आलं असतं. पण हसायची सोय नव्हती. माझ्या मागच्या दारापलीकडे सुट्टीवर गेलेल्या लोकांची मांजरं ठासून भरलेली होती, आणि मांजरांची सर्दी ही माणसांच्या सर्दीसारखी नसते. एकाला झाली की ती सगळ्या रांगेतून फिरते. डोळे चिकटतात, नाक बंद होतं, वास येईनासा झाला की ती जेवणं सोडतात. पलीकडच्या गावातलं एक वसतिगृह असंच एका उन्हाळ्यात बंद पडलं होतं.

"बाहेर," मी म्हणाले. "आधी तुम्ही, मग मी. आणि कशालाही हात लावू नका."

अंगणात पावसात उभं राहून त्यानं चेन उघडली. आत लालसर पिवळ्या रंगाचं पिल्लू होतं, मुठीएवढं. एक डोळा पूर्ण मिटलेला.

"शिडं ठेवायच्या खोलीत सापडलं," तो म्हणाला. "मी शिडं शिवतो. बंदरात माझी होडी आहे, तिथंच राहतो. शनिवारपासून शर्यत… मी गावाच्या जहाजावर असतो. प्राण्यांच्या आश्रयघरात विचारलं, जागा नाही म्हणाले. तुम्ही नाही म्हणालात तर…"

शर्यत म्हणजे आमच्याकडे काय असतं ते सांगून कळायचं नाही. जुनी मालवाहू शिडाची जहाजं, प्रत्येक गावाचं एक. उन्हाळ्यात पंधरवडाभर आमचा अख्खा फ्रीसलंड प्रांत तळ्याकाठी येऊन बसतो. जे बसत नाहीत ते फ्रान्सला पळतात. दोन्ही प्रकारच्या लोकांची मांजरं आमच्याकडे. आमच्या आल्डेविअर गावाचं जहाज गेली कित्येक वर्षं शेवटून पहिलं येतं, तरी गाव दरवर्षी भोंगे घेऊन हजर.

आणि नेमका हाच पंधरवडा माझ्या परीक्षेचा होता. बाउके आत्या गवताच्या माळ्यावरून पडली होती. पाय प्लास्टरमध्ये, खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि जीभ नेहमीपेक्षा तिखट. तिनं मला सरळ सांगून टाकलं होतं, "हा पंधरवडा तू एकटीनं निभाव, रेन्स्के. एकही मांजर पळालं नाही, आजारी पडलं नाही, तर हे घर तुझं. नाहीतर तो सुट्टीची घरं बांधणारा माणूस दारात उभाच आहे. मी लंगडी म्हातारी मांजरांमागे किती धावणार?"

गुरांचा गोठा पाडून तिथं मांजरांच्या खोल्या करायचं स्वप्न आत्याचं. पण प्रत्येक खोलीची भिंत, प्रत्येक काच मी तिच्याबरोबर उभी केलेली. दोन खोल्यांच्या मधे छतापर्यंत भिंत, म्हणजे एकाची शिंक दुसऱ्यावर जायला नको. एकाच घरातली मांजरं एका खोलीत. वेगळ्या घरातली कधीच नाही, मग ती काचेपलीकडून एकमेकांसाठी कितीही झुरोत. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही होतं.

खिडकी उघडली गेली. आत्याचा आवाज आला, "काय गं, कोण आहे? आणि दोघं पावसात काय करताय?"

मी सगळं सांगितलं. आत्यानं चष्मा वर सरकवून पिल्लाकडे पाहिलं, मग पिल्लापेक्षा जरा जास्तच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"अंगणापलीकडची जुनी चीज करायची खोली रिकामी आहे," ती म्हणाली. "आजाऱ्यांसाठीच ठेवलीय ती. पण आजाऱ्याला हात लावलेल्यानं निरोगी मांजरांत जायचं नाही. तू एकच आहेस. दोन्हीकडे कशी पुरशील? ठरव बाई तुझं तू. घर तुझं होणार आहे, निर्णयही तुझाच."

नाही म्हणणं किती सोपं होतं! पण त्या पिल्लानं उघडा डोळा माझ्यावर रोखला, आणि त्या माणसानं अंगठ्यानं त्याच्या कपाळावरचं पाणी पुसलं, इतकं हळू की… जाऊ दे. मी म्हणाले, "ठेवून घेते. पण त्याची सगळी कामं तुम्ही करायची. खाणं, औषध, साफसफाई. पंधरा दिवस रोज."

"आणि शर्यत?"

"ते तुम्ही ठरवा."

तो तळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शर्यतीत आम्ही तसेही शेवटचेच येतो."

तो हेसल. पिल्लाचं नाव त्यानं ड्राबल ठेवलं. आमच्याकडची कुरकुरीत, वेटोळ्यांची बिस्किटं असतात ना, त्यांचं नाव. शेपटीच तशी होती त्याची.

मी दोन दारांमधली जागा औषधाच्या पाण्यानं घासून काढली, अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात टाकले आणि हेसलला नियम सांगितले. अंगणाच्या मधोमध गोठ्याच्या काळातली एक दगडी नाली आहे. तिच्या अलीकडे मी, पलीकडे तो. माझे लाकडी बूट पिवळे, त्याचे निळे. पिवळे तिकडे जाणार नाहीत, निळे इकडे येणार नाहीत. बादल्या वेगळ्या, टॉवेल वेगळे, कपबश्या वेगळ्या. जाताना कपडे बदलून कोपरापर्यंत हात धुवायचे.

"आणि नाली ओलांडली तर?" त्यानं विचारलं.

"तर मी तुम्हाला पण त्या खोलीत कोंडेन."

"सोबतीला कोण, पिवळे बूट?"

"सोबतीला पिल्लाची घाण काढायचं फावडं."

आत्या खिडकीतून खोकली. तिला खोकला झालेला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आमचं ठरूनच गेलं. सकाळी मी माझ्या रांगेचं आटोपून कॉफीचा थर्मास घेऊन नालीपाशी जायची. तो पलीकडे गवतावर मांडी घालून फाटकी शिडं शिवत बसलेला असायचा. शर्यतीतली जहाजं रोज काहीतरी फाडायची आणि ते त्याच्याकडे यायचं. हातात जाड चामड्याचा पट्टा, बोटभर लांब सुई. तो उठून त्याचा कप पुढे धरायचा आणि मी हात लांब करून वरून कॉफी ओतायची. कपाला थर्मास लागता कामा नये.

"जरा खाली धरा."

"खाली धरला तर तुम्हाला वाकावं लागेल."

"मला वाकता येतं."

"ते मी बघितलंय, काल ताटल्या उचलताना… म्हणजे, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"कॉफी सांडतेय."

"सांडू दे."

मग बिस्कीट. आमच्याकडची रीत अशी की कॉफीबरोबर एक बिस्कीट द्यायचं आणि डब्याचं झाकण लावून टाकायचं. एकच. पाहुणा राजा असला तरी एकच. मी ते नालीवरून फेकायची आणि तो झेलायचा. पहिल्या दिवशी हातानं झेललं, मग टोपीत, एकदा तर चक्क तोंडात. त्या दिवशी मी इतकी हसले की आत ताणून झोपलेली मांजरं उठून बसली.

आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत आमचा घरचा म्हातारा बोका बसायचा. ओम्के, म्हणजे काका. जन्मात कुणाशी पटलं नाही त्याचं. पाहुण्या मांजरांकडे बघून तो नुसता फिसकारायचा. पण चीजच्या खोलीच्या काचेमागे ड्राबल एका डोळ्यानं बाहेर बघायला लागलं आणि काकांची जागा ठरली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोरासमोर, मधे अख्खं अंगण. आत्या म्हणायची, "या घरात सगळ्यांनाच पलीकडचं बघायचा नाद लागलाय."

मी ऐकलं नाही असं दाखवायची.

पण ड्राबल सुधारत नव्हतं. डॉक्टरीणबाई येऊन औषधं देऊन गेल्या, म्हणाल्या, खाल्लं तर वाचेल. आणि ते खात नव्हतं. एका दुपारी जोराचा पाऊस झोडपत असताना हेसलनं चीजच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. तोंड पांढरंफटक.

"रेन्स्के! ते श्वास घेत नाहीये नीट! लवकर ये!"

मी धावले. नालीपर्यंत. आणि तिथंच थांबले.

"ये ना!"

"मला येता येणार नाही."

"रेन्स्के, ते मरतंय!"

"मी आत आले तर मला परत इकडे येता येणार नाही. सगळ्यांना जेवण घालायचंय. आत्याला उठता येत नाही. मी—"

"तुला तुझ्या रांगेतलीच मांजरं दिसतात!"

इतकं लागलं ते मला… पण ती वेळ लागून घ्यायची नव्हती. मी केसांवरून ओघळणारं पाणी पुसलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हेसल, माझ्याकडे बघ. नाक बंद झालंय त्याचं, श्वास नाही. कोमट पाण्यात कापूस भिजव. हं. नाकावर धर, घासू नको. धरूनच ठेव. आता त्याला छातीशी घे, शेगडीजवळ बस. गरम पाण्याची वाफ लागू दे. दार उघडं ठेव, मला दिसायला हवं."

तो तसं तसं करत गेला. मी पावसात उभी राहून सांगत गेले. बोटभर सुई जाड शिडातून सहज काढणारा तो माणूस कापसाचा बोळा धरताना कापत होता. मग मी स्वयंपाकघरात पळाले. आत्यासाठी आणलेला धुरी दिलेला ईल मासा तव्यावर गरम केला, इतका की वासानं सगळं घर भरून गेलं. वाटी लांब काठीच्या फावड्यावर ठेवून नालीपलीकडे सरकवली.

"नाकाशी धर. वास यायला हवा त्याला, बस. वास आला की खाईल."

किती वेळ गेला कोण जाणे. पाऊस थांबत आला. आणि मग उघड्या दारातून मला दिसलं, हेसलच्या बोटाला लागलेला मासा एक इवलीशी गुलाबी जीभ चाटत होती.

"खातंय!" तो ओरडला. "रेन्स्के, खातंय गं, खातंय!"

आणि तो आनंदानं बाहेर धावत आला, सरळ नाली ओलांडून, निळ्या बुटांनिशी. त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात गरम होते, त्यांना माशाचा वास येत होता, आणि मी ते सोडवून घेतले नाहीत. एक क्षण. दोन. मग मला खाली माझ्या पिवळ्या बुटांशेजारी त्याचे निळे बूट दिसले.

"हेसल… नाली."

त्यानं खाली पाहिलं. एखाद्यानं चटका बसल्यावर मागे व्हावं तसा तो मागे झाला.

मी घासून घासून आंघोळ केली, केस तीनदा धुतले, सगळे कपडे उकळले. तरी रात्री दोनदा उठून रांगेत कान देऊन आले. आणि दोन-तीन दिवसांनी सकाळी रांगेतून फिरताना मला ते ऐकू आलं. शेवटून दुसऱ्या खोलीतून. बॅरोनेस नावाची एक राखाडी, लांब केसांची मांजर, एका निवृत्त न्यायाधीश बाईंची लाडकी.

ती शिंकली.

मी तिच्या खोलीला कुलूप लावलं, डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या संध्याकाळी येते म्हणाल्या. अंगणात आले तर तो नेहमीसारखा कप घेऊन उभा होता.

"आज कॉफी नाही," मी म्हणाले. "एक शिंकलंय आत."

त्याचा कप हातातच राहिला.

"माझ्यामुळे."

"मला काय माहीत! तू आलास, मी तुला येऊ दिलं. आत्या विचारेल तेव्हा मी काय सांगू? की हात धरले म्हणून घर घालवलं?"

"मी सांगतो त्यांना. सगळं माझ्यावर घेतो."

"घेऊन काय होणार, हेसल? घर गेलं की गेलं."

त्यानं रिकामा कप गवतावर ठेवला. मला रडू येत होतं, आणि रडताना दिसायचं नव्हतं, म्हणून मी हात चालू ठेवला. बॅरोनेसची गादी बदलली. तिच्या बाईंनी घरून दिलेली जाड गोधडी बाहेर आणून माझ्या बाजूच्या दोरीवर टाकली. गारठा वाढला म्हणून कालच मी ती पहिल्यांदा तिच्याखाली घातली होती. दोन काठ्यांनी मी त्या गोधडीला बदडून काढलं. राग कुणावर तरी काढायलाच हवा होता.

"थांब," हेसल पलीकडून म्हणाला.

"आता काय?"

"ती कोपऱ्याकडची बाजू… तिथं टाके हातानं घातलेले आहेत. बाकी गोधडी मशीनची. आणि कोपरा फुगलाय बघ. आत काय घातलंय?"

मी कोपरा चाचपला. खरंच काहीतरी होतं, मऊ, भुसभुशीत. दातांनी धागा तोडला. आतून एक कापडी पिशवी निघाली, गच्च भरलेली. मी ती नाकाशी नेली—

आणि अशी सणसणीत शिंकले की आत्याची खिडकी उघडली.

लॅव्हेंडर! न्यायाधीश बाईंनी लेकीला छान झोप लागावी म्हणून गोधडीत लॅव्हेंडर शिवून दिलं होतं. मी पुन्हा शिंकले. मग पुन्हा.

"कोण शिंकलं?" आत्या ओरडली.

"मीच शिंकले!" मी म्हणाले, आणि नालीपलीकडे हेसल गुडघ्यांवर हात ठेवून हसत सुटला. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या तोवर बॅरोनेस मजेत पंजे चाटत बसली होती. गोधडी काढल्यापासून एकही शिंक नाही. डोळे स्वच्छ, नाक स्वच्छ. सगळी रांग तपासून बाई म्हणाल्या, "काही नाही यांना. लॅव्हेंडर मात्र फेकून दे." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या सकाळी कॉफी ओतली, बिस्कीट फेकलं. त्यानं झेललं. मी डब्याचं झाकण लावायला घेतलं… आणि हात थांबला. मी आणखी एक बिस्कीट काढलं आणि फेकलं.

त्याला ते झेलता आलं नाही. तो नुसता बघत राहिला. बिस्कीट त्याच्या छातीवर आपटून गवतात पडलं.

"दुसरं?" खिडकीतून आत्याचा आवाज आला. "अगं बाई! माझ्या नवऱ्याला दुसरं मिळायला साखरपुडा करावा लागला होता."

माझे कान लाल झाले. हेसलनं वाकून बिस्कीट उचललं, फुंकर मारून खिशात ठेवलं. खाल्लं नाही.

शर्यतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तळ्याच्या बाजूनं भोंग्यांचा असा गदारोळ झाला की मला वाटलं, काहीतरी बुडालं. गावातली माणसं सायकलींवरून ओरडत येत होती. आल्डेविअर शेवटून दुसरं आलं होतं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या मागे कुणीतरी होतं. शेवटच्या वळणावर पलीकडच्या गावाचं शीड फाटलं आणि आमचं टिकलं, हेसलनं शिवलेलं. जहाजावरची सगळी टोळी त्याला उचलायला अंगणात घुसली. मी ओरडले, "नालीच्या त्या बाजूला! सगळ्यांनी!" आणि ती दांडगी, वाऱ्यानं भाजलेली माणसं निमूटपणे रांगेत पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मालक यायला लागले. एकेक मांजर धडधाकट, गुबगुबीत, पेटीतून घरी गेलं. न्यायाधीश बाईंच्या हातात मी लॅव्हेंडरची पिशवी वेगळी दिली. शेवटची गाडी गेल्यावर आत्यानं मला आत बोलावलं. गळ्यातली दोन्ही दारांची किल्ली काढून माझ्या गळ्यात घातली.

"त्या सुट्टीच्या घरांवाल्याला मी 'नाही' म्हणून कळवून टाकलंय," ती म्हणाली.

"कधी?"

"ज्या दिवशी तू पावसात नालीपाशी उभी राहिलीस त्या दिवशी. पिल्लासाठी जीव तुटत होता तुझा, तरी ओलांडली नाहीस. मी इथून बघत होते. आता रडू नको, ईल मासा संपवलास माझा, तो आण नवीन."

मी तिच्या प्लास्टरवर डोकं टेकून भरपूर रडले. आयुष्यात इतकं जिंकल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि तरी नाली होतीच. सुट्ट्या चालू होत्या, नवी मांजरं येत होती, आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं, ड्राबल बरं दिसलं तरी आणखी काही आठवडे वेगळंच राहू दे. हेसल रोज येत राहिला. शर्यत संपली होती, शिवायला शिडं नव्हती, तरी सुई घेऊन बसायचा. एकदा मी बघितलं तर तो चीजच्या खोलीचे जुने पडदे शिवत होता. कुणीही सांगितलं नव्हतं.

ऑगस्ट सरता सरता बाईंनी ड्राबलला शेवटचं तपासलं. दोन्ही डोळे टपोरे उघडे. "मोकळं झालं," त्या म्हणाल्या. "पण त्या दमट होडीवर नेऊ नका. छाती नाजूक आहे. कोरडं, उबदार घर बघा."

मी आत रांगेत होते. बाहेरच्या दारावर टकटक झाली. टकटक! उघडलं नाही, आधी वाजवलं. मी आतलं दार नीट लावून घेतलं, मग हाक मारली, "या."

तो आत आला. आंघोळ केलेला, नवे कपडे, पाय अनवाणी. निळे बूट बाहेर सोडून आलेला. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत, आणि पोटापाशी ते जाकीट घुरघुरत होतं. त्यानं पाठीमागे बाहेरचं दार लावलं. मग आम्ही दोघं पुन्हा त्याच एवढ्याशा जागेत, पहिल्या दिवसासारखे.

"लागलं?" मी विचारलं.

"लागलं."

मी आतलं दार उघडलं नाही.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "नियमाबद्दल."

"विचार."

"ड्राबल आणि ओम्के… दिवसभर एकमेकांकडे बघत बसतात. त्या दोघांना एका खोलीत ठेवता येईल?"

"वेगळ्या घरातली मांजरं एकत्र ठेवत नाही आम्ही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे." त्यानं जाकिटाची चेन थोडी खाली ओढली. "आणि एकाच घरातली असली तर?"

बाहेर पाऊस पडायला लागला होता. त्याच्या जाकिटातून एक लालसर डोकं बाहेर आलं आणि माझ्याकडे दोन डोळ्यांनी बघायला लागलं.

"असली तर चालतं," मी म्हणाले.

"मग… माझं ते कापडाचं सामान आणि दोन सुया आहेत. जास्त जागा लागणार नाही. रेन्स्के, मला तू आवडतेस. पहिल्या दिवशी किंचाळलीस तेव्हापासून. म्हणजे तेव्हा घाबरलो होतो, पण आवडलीस तेव्हाच."

"मला तर तू खोटं बोललास तेव्हाच आवडलास," मी म्हणाले. "पिल्लासाठी स्वतः शिंकणारा माणूस मी आधी कधी पाहिला नव्हता."

त्यानं खिशातून ते दुसरं बिस्कीट काढलं. कडा झिजलेल्या, अर्ध्याची भुकटी झालेली. आमच्या दोघांच्या मधे ड्राबल असल्यामुळे तो नीट वाकू शकला नाही, म्हणून मीच टाचा उंचावल्या. ओठांना बिस्किटाचा चुरा लागला, गोड. ड्राबलनं वैतागून दोघांच्या हनुवटीखाली डोकं खुपसलं. दोन्ही दारं लागलेली होती, कुणीही कुठे पळणार नव्हतं.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो तसा ओम्के खिडकीतून उडी मारून खाली आला, त्यानं ड्राबलला नखशिखांत हुंगलं आणि तो त्याच्या कानामागे चाटायला लागला. जन्मात पहिल्यांदा फिसकारला नाही. आत्यानं तीन कप मांडले. कॉफी ओतली. बिस्किटांचा डबा काढला, एक मला दिलं, एक हेसलला.

मग तिनं झाकण शेजारी ठेवलं आणि डबा टेबलाच्या मधोमध, उघडाच, त्याच्याकडे सरकवला.